फी मोजायची कशाने?

दर वर्षी जून-जुलैत बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की नागपूरच्या घराघरांत एक हिशेब मांडला जातो. वर्षाची फी घ्यायची, चारने गुणायची, त्यात रूम, मेस, लॅपटॉप, येण्याजाण्याचा खर्च धरायचा आणि समोर एकच आकडा ठेवायचा: पॅकेज. किती वर्षांत पैसे सुटतील, हा प्रश्न. तो गोंदियातल्या घरातही विचारला जातो, उमरेडला आणि आर्वीलाही, आणि त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटमध्येही. वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिराती आणि हिंगणा रोडवरची होर्डिंग त्या हिशेबाला खाद्य पुरवतात. मुलामुलींचे हसरे फोटो आणि प्रत्येकाखाली लाखांतला आकडा. या सगळ्याकडे बघून शिक्षणाचा बाजार झाला, मुलं व्यवहारी झाली, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. ज्या घरात चार वर्षांच्या फीसाठी शेताचा तुकडा विकावा किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडावा लागतो, त्या घराने हिशेब करू नये असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. मुलं हिशेब करतात तो योग्यच करतात. दोष त्यांच्या हातात दिलेल्या मापाचा आहे. आणि यापेक्षा बरं माप सरकारी कागदांत आजही तयार आहे, पण निर्णय जिथे होतो तिथपर्यंत ते पोहोचत नाही, एवढंच मला या लेखात पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी फी ठरते कशी ते पाहू, कारण बहुतेक पालकांना वाटतं की फी म्हणजे महाविद्यालयाच्या दर्जाची किंमत. फी जास्त म्हणजे कॉलेज चांगलं. प्रत्यक्षात कायद्याने फीचा दर्जाशी असा थेट संबंध जोडलेलाच नाही. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालं आणि सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, तेव्हापासून पुढची साठ वर्षं उच्च शिक्षणाचा खर्च प्रामुख्याने सरकार आणि देणगीदार उचलत होते, आणि विद्यार्थी त्यात आपला लहानसा वाटा टाकत होता. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला लाखो रुपयांची संपत्ती दिली, त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. तिथे शिकलेल्या रसायन अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांची खरी फी एका खाणमालकाने आधीच भरून ठेवलेली होती. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, आजचं व्हीएनआयटी, तेही सरकारी पैशावर. चित्र पालटलं ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि पुढच्याच वर्षी नागपुरात रामदेवबाबा आणि यशवंतराव चव्हाण ही अभियांत्रिकी महाविद्यालयं सुरू झाली. या धोरणावर टीका करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्याआधी विदर्भातल्या मुलासाठी अभियांत्रिकीच्या जागा इतक्या मोजक्या होत्या की शेकडो मुलं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायला जात. विनाअनुदानित कॉलेजांनी दार उघडलं. दाराशी तिकीटही लावलं.

त्या तिकिटाचा दर कुणी ठरवायचा, यावर पुढची पंचवीस वर्षं न्यायालयांत वाद चालला. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा केला. १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा कमी फीच्या आणि निम्म्या भरपूर फीच्या अशी विभागणी केली, म्हणजे एका मुलाची फी दुसऱ्याने भरायची. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडली आणि सांगितलं की खासगी संस्थेने आपली फी ठरवावी, वाजवी शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये. २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात या चौकटीवर शिक्कामोर्तब झालं, आणि २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आलं. या प्राधिकरणापुढे महाविद्यालय आपले लेखापरीक्षित हिशेब ठेवतं: पगार, देखभाल, प्रयोगशाळा, ग्रंथालय, इतर खर्च. त्याला विद्यार्थिसंख्येने भागायचं, महागाई आणि विकासनिधी धरायचा, आणि जो आकडा येईल ती फी. म्हणजे फी हा खर्चाचा आकडा आहे. ज्या कॉलेजचा खर्च जास्त त्याची फी जास्त. तो खर्च अनुभवी प्राध्यापकांवर झाला की इमारतीच्या दर्शनी भागावर, हे फीच्या आकड्यातून कळत नाही, पण ज्या हिशेबातून तो आकडा निघाला त्यातून स्वच्छ कळतं. हा हिशेब दर वर्षी तयार होतो. पालक मात्र फक्त त्याचं उत्तर पाहतो, गणित पाहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की 'फी किती?' या प्रश्नाला नागपुरातल्या एकाच वर्गात एक उत्तर नाही. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी सत्तर-ऐंशी हजारांपासून दोन लाखांच्या घरापर्यंत असते. समजा ती दीड लाख आहे, आणि एकाच बाकावर चौघं बसली आहेत. अनुसूचित जातीचा एक मुलगा, ज्याच्या घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे. त्याची फी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून जाते. ओबीसी प्रवर्गातली मुलगी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. खुल्या प्रवर्गातला मुलगा, उत्पन्न आठ लाखांच्या आत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून त्याची निम्मी फी माफ. जिला सगळे अजून 'ईबीसी' म्हणतात ती हीच. चौथा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे संस्थेने स्वतः भरायच्या जागेवरून आलेला, तो पूर्ण दीड लाख भरतो. चौघांना तोच प्राध्यापक शिकवतो, प्रयोगशाळेतलं तेच ऑसिलोस्कोप चौघं हाताळतात. मग या शिक्षणाचं मोल चौघांसाठी वेगळं आहे का? मुलांच्या मनात ते वेगळं होऊन बसतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पूर्ण फी भरणारा स्वतःला गिऱ्हाईक समजतो आणि तक्रारीचा हक्क आपला मानतो. जिची फी माफ आहे ती गप्प बसते, कारण 'फुकट शिकतो आहोत, मग बोलायचं कशाला' हे तिच्यावर घरातून आणि कॉलेजच्या कार्यालयातून बिंबवलेलं असतं. वास्तविक तिच्या नावाने राज्याने पूर्ण रक्कम मोजलेली आहे. वर्गात तास झाला नाही तर तिचंही तेवढंच बुडतं.

शिवाय 'फुकट' हा शब्द मुळातच चुकीचा आहे. फी माफ झाली तरी शिकण्याचा खर्च माफ होत नाही. वाडी, हिंगणा रोड, प्रतापनगर या भागांत रूम आणि मेसचे पैसे दर महिन्याला मोजावे लागतात. म्हणूनच सरकारला स्वाधार योजना काढावी लागली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्याबरोबर नागपुरातही वर्षाला ६० हजार रुपये द्यावेत, असं त्या योजनेत मुळात ठरलं. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे तोही याच कारणासाठी. विदर्भात याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्या-मुंबईतल्या धोरणकर्त्यांच्या लक्षात येत नाही. प्रवेशाचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये भरायचे असतात. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात रोकड सगळ्यात कमी असते, कारण बियाणं, खत आणि मजुरी यांत ती जमिनीत गेलेली असते. सोयाबीन निघतं दसऱ्याच्या सुमारास, कापसाची पहिली वेचणी त्याच्या पुढेमागे, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाचे पैसे खरेदी केंद्रावरून यायला दिवाळी उलटून जाते. तोवर सावकार, सोसायटी, नातेवाईक. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारी शिष्यवृत्ती वेळेवर आली तर हा खड्डा भरतो, पण ती अनेकदा वर्ष संपताना किंवा त्यानंतर येते, आणि दरम्यान थकबाकीपोटी टीसी किंवा गुणपत्रिका अडवल्याच्या तक्रारी दर वर्षी होतात. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असं सरकार वारंवार बजावतं. संस्था म्हणतात की सरकारकडून पैसे येईपर्यंत प्राध्यापकांचे पगार कशातून द्यायचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कात्रीत सापडतो तो विद्यार्थी. तेव्हा फीचं ओझं केवळ रकमेवरून मोजता येत नाही, ती कोणत्या महिन्यात मागितली जाते हेही पाहावं लागतं.

आता पॅकेजच्या मापाकडे येऊ. होर्डिंगवर छापलेला आकडा सर्वांत मोठ्या पॅकेजचा असतो, म्हणजे एका मुलाचा. त्या मुलाने ते कॉलेजमुळे मिळवलं की स्वतःच्या तयारीने, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी उरलेल्यांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. नागपुरातल्या संगणक शाखेच्या मुलांना कॅम्पसमधून सर्वाधिक घेतात त्या मोठ्या आयटी सेवा कंपन्या, आणि त्यांचं नवख्यासाठीचं वार्षिक वेतन गेलं दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत आहे. त्याच काळात फी आणि घरभाडं कुठल्या कुठे गेलं. आकडेमोड करून पाहा. पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड: महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये. शिकत असतानाच्या काळातलं व्याज यात धरलेलं नाही. साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून हातात पडतात पंचवीस-सव्वीस हजार, आणि नोकरी बहुधा पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूची. पगाराचा तिसरा हिस्सा बँकेला गेल्यावर भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे उरलेल्यातून. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्यापासून काही मुलांना घरात राहून नोकरी करता येऊ लागली, आणि तेवढ्याने हा हिशेब किती बदलतो हे ती घरं जाणतात. पण कॉलेज निवडताना 'मिहानमध्ये किती जण लागले' हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

पॅकेजचा दुसरा दोष असा की ते महाविद्यालयापेक्षा शाखेवर आणि बाजारावर जास्त अवलंबून असतं. २००८-०९ च्या मंदीत ज्यांची चार वर्षं संपली त्यांचे प्राध्यापक काही वाईट नव्हते. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी घाऊक भरती केली तेव्हा कॉलेजं एकाएकी सुधारली नव्हती, आणि २०२३ मध्ये भरती आटली तेव्हा ती बिघडलीही नव्हती. तरी प्रवेशाचा कट-ऑफ आदल्या वर्षीच्या प्लेसमेंटमागे धावतो. संगणक शाखा ओसंडून वाहते आणि सिव्हिल, मेकॅनिकलचे वर्ग रिकामे पडतात. मूल आज प्रवेश घेतं आणि नोकरी मागायला चार वर्षांनी उभं राहतं; त्याच्या हातात असलेला आकडा मात्र गेल्या हंगामाचा. तिसरी गोष्ट, नोकरीचं संकट एकट्या पॅकेजवाल्यांपुरतं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. पदवी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. न शिकलेल्याला घरी बसणं परवडत नाही आणि पदवीधर त्याच्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, हेही त्यात आहे. पण पदवीची पावती दाखवली की नोकरी मिळते, हा समज त्या आकड्यापुढे टिकत नाही.

हाच धागा कला आणि वाणिज्यच्या स्वस्त पदव्यांनाही लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी काही हजारांत आटोपते. ती इतकी कमी आहे की तिच्या मोलाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. मात्र अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर विभाग चालतात, आणि मुलं हजेरीपुरती कॉलेजात येऊन दिवस अभ्यासिकेत काढतात. तिथे एमपीएससीची, पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी चालते आणि अभ्यासिकेच्या महिन्याच्या शुल्काची बेरीज कधीकधी कॉलेजच्या वार्षिक फीच्या पुढे जाते. या मुलांनी पदवीसाठी पैसे कमी मोजले, वर्षं मात्र पूर्ण तीन मोजली. आयुष्यातली विसाव्या-एकविसाव्या वर्षाची ही वर्षं कुठल्याही शिष्यवृत्तीने परत मिळत नाहीत. जिथे फी कमी तिथे गुणवत्तेबद्दल बोलायचं कारण नाही, ही समजूत श्रीमंत अभ्यासक्रमांपेक्षा गरीब अभ्यासक्रमांचं जास्त नुकसान करते.

मग बरं माप कोणतं? जे बाहेरून आणावं लागणार नाही असं एक माप केंद्र सरकारनेच तयार करून ठेवलं आहे. २०१६ पासून राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, जाहीर होते. क्रमांक कितवा आला यावर बातम्या होतात. मला त्या क्रमांकात फारसा रस नाही. क्रमवारीसाठी भरलेली माहिती संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि ती माहिती मोलाची आहे. नागपुरातल्या भाग घेणाऱ्या कोणत्याही कॉलेजची ही पीडीएफ उघडून पाहा. एका तक्त्यात किती जागा, किती प्रवेश, ठरलेल्या मुदतीत किती जण उत्तीर्ण झाले, त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले, आणि नोकरी लागलेल्यांचं मध्यक वेतन किती. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. होर्डिंगवरचा आकडा रांगेच्या टोकावरच्या मुलाचा असतो. दुसऱ्या तक्त्यात ग्रंथालयावर, प्रयोगशाळेच्या नव्या उपकरणांवर, पगारावर आणि देखभालीवर तीन वर्षांत किती खर्च झाला. तिसऱ्यात किती विद्यार्थ्यांची पूर्ण फी सरकार भरतं, किती जणांची संस्था स्वतःच्या निधीतून भरते, किती जणांना काहीच मिळत नाही. शेवटी प्राध्यापकांची यादी: पदवी, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, नियमित की कंत्राटी.

हा कागद कसा वाचायचा ते एकदा कळलं की पॅकेजची जाहिरात निम्मी गळून पडते. उदाहरणार्थ, प्रवेश घेतलेले आणि मुदतीत उत्तीर्ण झालेले यांच्यात मोठी तफावत असेल, तर 'शंभर टक्के प्लेसमेंट' हा दावा उरलेल्यांच्या शंभर टक्क्यांचा असतो. बॅकलॉगमध्ये अडकलेली मुलं त्या हिशेबातून आधीच बाहेर गेलेली असतात. प्राध्यापकांच्या यादीत रुजू झाल्याच्या बहुतेक तारखा गेल्या दोन वर्षांतल्या असतील, तर तिथे माणसं टिकत नाहीत हे समजतं, आणि चार वर्षांत आपल्याला शिकवणारे तीनदा बदलतील हेही. पगारावरचा खर्च विद्यार्थिसंख्येने भागला की एका मुलामागे शिकवण्यावर किती रुपये जातात ते निघतं. तो आकडा फीशेजारी ठेवला की फीच्या पावतीचा अर्थ लागतो. हे सगळं सहावी-सातवीच्या गणितात बसणारं आहे. अडचण इतकीच की पीडीएफ इंग्रजीत असते, संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दडलेली असते, सगळी कॉलेजं क्रमवारीत भाग घेत नाहीत, आणि आकडे संस्थेने स्वतः भरलेले असल्याने ते तपासणारी कडक यंत्रणा हवी. शुल्क नियामक प्राधिकरणाकडचे लेखापरीक्षित हिशेब शेजारी ठेवले तर ही तपासणीसुद्धा बरीचशी होऊन जाईल.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा येतो. विद्या ही मोजण्याची वस्तू नाही. फीच्या मोबदल्यात काय मिळालं हे विचारणं म्हणजे विद्यार्थ्याला गिऱ्हाईक करणं. या आक्षेपामागची तळमळ खरी आहे आणि तिला वारसाही मोठा आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना दाखवून दिलं होतं की कला महाविद्यालयांच्या खर्चातला ३६ टक्के वाटा फीतून वसूल होतो, आणि याला त्यांनी शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. शिक्षण खातं देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवायचं खातं नव्हे, ही त्यांची भूमिका होती. पण ती त्यांनी कुणाला सुनावली, याकडे लक्ष द्यावं. सरकारला. जिथे ३६ टक्के त्यांना जाचक वाटले, तिथे आज विनाअनुदानित महाविद्यालयाच्या चालू खर्चाचा जवळपास सगळा भार फीवर टाकणारं सूत्र कायद्यात आहे. देवाणघेवाण सरकारने पत्करली आणि हिशेब मात्र विद्यार्थ्याने मागू नये, हे बाबासाहेबांच्या भूमिकेचं उलटं टोक झालं. आणि मी सुचवतो ते माप गिऱ्हाइकाचं नाहीच. गिऱ्हाईक विचारतं, मला किती परत मिळेल. मुदतीत किती जण उत्तीर्ण झाले, प्राध्यापक नियमित आहेत का, प्रयोगशाळेत उपकरणं आली का, हे प्रश्न पूर्ण फी भरणारा आणि फी माफ असणारा सारख्याच हक्काने विचारू शकतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, फी घेतली की मुलं मन लावून शिकतात आणि शिक्षणाची कदर करतात. याला परदेशातला एक मोठा प्रयोग उत्तर देतो. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये वार्षिक फीची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेली गेली. तिथली हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था दर वर्षी विद्यार्थ्यांना विचारते की पैशाचं चीज होतं आहे का. २०१२ मध्ये ५३ टक्के विद्यार्थ्यांनी चांगलं चीज होतं असं सांगितलं होतं. २०१७ मध्ये ते प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं, आणि कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, २७ टक्क्यांवर. पुढे ते काहीसं सावरलं. स्थानिक विद्यार्थ्यांकडून फी न घेणाऱ्या स्कॉटलंडमध्ये समाधान सातत्याने जास्त आढळलं. फी वाढवल्याने कदर वाढली नाही. या पाहण्यांतली आणखी एक बाब नागपूरला अधिक उपयोगाची आहे: चीज झालं असं म्हणणाऱ्यांनी कारण म्हणून मुख्यतः शिकवण्याचा दर्जा आणि अभ्यासक्रम सांगितला, आणि झालं नाही म्हणणाऱ्यांनी फीची रक्कम आणि प्राध्यापकांबरोबरचे अपुरे तास. म्हणजे शिकत असलेली मुलं वर्गात काय घडतं यावरून मोल ठरवतात. प्रवेशाच्या वेळी पॅकेज आणि शिकताना वर्ग, असं हे माप दोन टप्प्यांवर बदलतं, आणि निर्णय पहिल्या टप्प्यावर झालेला असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. शिक्षणाचं खरं मोल दहा-पंधरा वर्षांनी कळतं. अठराव्या वर्षी किंवा बाविसाव्या वर्षी दिलेला कौल कच्चाच असणार. हे बरोबर आहे. ज्या विषयाने कॉलेजात रडवलं तोच पुढे उपयोगी पडला, असं सांगणारे अनेक भेटतील. पण सगळंच काही दहा वर्षांनी कळत नाही. मंजूर पद रिकामं आहे की भरलेलं, यंत्र चालू आहे की खोक्यात, निकाल वेळेवर लागला की पुढच्या सत्राचा फॉर्म भरून झाल्यावर, हे आजच कळतं आणि आजच तपासता येतं. जे नंतर कळायचं त्याच्या नावाखाली जे आत्ता दिसतं ते झाकायला नको. आणि काही संस्था या कसोटीवर उत्तम उतरतील. व्हीएनआयटीत २०१६ पासून शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख झालं, तरी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण आणि पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. ही माहिती नसल्याने 'आपल्याला तिथे झेपणार नाही' म्हणून पर्यायच न भरणारी घरं विदर्भात आहेत. उलट बाजूला, मुलींसाठीच्या फीमाफीतून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत, आणि कॉलेजचं विद्यापीठ झालं की सवलतीचं गणित बदलू शकतं, हे प्रवेश घेऊन झाल्यावर कळून उपयोग नसतो.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश म्हणजे कॅप फेरीत विद्यार्थी पर्याय भरतो तेव्हा पडद्यावर त्याला कॉलेजचा क्रमांक दिसतो, नाव दिसतं, शाखा दिसते. नागपूर विभागातल्या कॉलेजांचे क्रमांक चारने सुरू होतात, ते मुलांना तोंडपाठ असतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, मागे फिरता येत नाही. म्हणजे चार वर्षांचा आणि काही लाखांचा निर्णय त्या पडद्यावर होतो. त्याच ओळीत, मराठीत, आणखी थोडे आकडे यावेत: मंजूर फी आणि या विद्यार्थ्याच्या प्रवर्गाला व उत्पन्नगटाला प्रत्यक्षात पडणारी फी, एका विद्यार्थ्यामागे शिकवण्यावर होणारा खर्च, नियमित प्राध्यापक किती, मुदतीत उत्तीर्ण होणारे किती, मध्यक वेतन, आणि ते किती मुलांच्या पगारावरून काढलं. क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांसाठी यातला एकही आकडा नव्याने गोळा करावा लागत नाही. फीचे हिशेब शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहेत, प्रवर्ग आणि उत्पन्न सीईटी कक्षाकडे आणि महाडीबीटीकडे, उरलेलं क्रमवारीसाठी भरलेल्या तक्त्यांत. जी कॉलेजं क्रमवारीत भाग घेत नाहीत त्यांना ही माहिती प्राधिकरणाकडे फीच्या प्रस्तावाबरोबर देणं बंधनकारक करता येईल, कारण प्रस्तावाशिवाय त्यांची फी ठरतच नाही. पुढच्या वर्षीच्या कॅप फेऱ्या उन्हाळा संपताना सुरू होतील. महाविद्यालयांच्या फीचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी प्राधिकरणाकडे पोहोचलेले असतील.